संपादकबाईंचा बुधवार

लंडनमध्ये ठरल्या वेळेला हमखास येणारी एकच गोष्ट मी आजवर पाहिली, ती म्हणजे आमच्या संपादकबाईंचा अंक. इल्फर्डहून सर्जरीला, म्हणजे माझ्या दवाखान्यात, येताना माझी ट्रेन रखडते, बस येणं हा तर निव्वळ श्रद्धेचा प्रश्न. पण हसिदी या कर्मठ पंथातल्या ज्यू बायकांसाठी त्यांच्या यिडिश भाषेत निघणारं बाईंचं साप्ताहिक मंगळवारी छापून बुधवारी दुपारी दारात पडायचं म्हणजे पडायचंच. बाई माझ्या पेशंट. साठीच्या आसपासच्या, डोक्यावर घट्ट रुमाल आणि रुमालात खोचलेली लाल पेन्सिल. नातवंडं मोठी झाल्यावर रिकामी पडलेली प्रॅम, म्हणजे बाबागाडी, त्यांनी अंक वाहायला घेतली होती. रस्त्यातल्या म्हाताऱ्या कौतुकानं आत डोकावायच्या, की बाई त्यांच्या हातात एक अंक ठेवायच्या.

मी एका दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधला, की त्यांचा दुसरा हात प्रुफं तपासत असे. आकडा जास्त आलाच तर दोष छापखान्याचा. सल्ल्याच्या सदरातले प्रश्न त्या स्वतःच लिहीत आणि उत्तरंही स्वतःच देत, निरनिराळ्या टोपणनावांनी. सुनेनं सासूच्या स्वयंपाकघरात लुडबूड करावी का, यावरून एकदा त्यातल्या दोन नावांचं भांडण जुंपलं आणि अख्ख्या वस्तीत तट पडले. खरं कोणाचं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या की अजून ठरवलेलं नाही. आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक मी त्यांना मोठ्या अभिमानानं दाखवला होता. तो वर्षातून एकदाच निघतो हे कळल्यावर, बाकीचे एक्कावन्न आठवडे तुमच्या बायका काय करतात, असं त्यांनी खऱ्याखुऱ्या काळजीनं विचारलं.

माझी काळजी वेगळी होती. त्या भागातल्या पन्नाशीपुढच्या बायका स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीला येतच नव्हत्या. तपासणीच्या बोलावण्याची पत्रं जायची आणि कचऱ्यात पडायची. गाठ हाताला लागली तरी कोणी बोलायचं नाही, आणि माझ्याकडे येईपर्यंत उशीर झालेला असायचा. अंकात लिहा म्हटलं, तर घरातल्या मुलांच्या हाती पडणाऱ्या अंकात त्या अवयवाचं आणि त्या रोगाचं नाव छापायची पद्धत नाही. धर्माला न शोभणारं काही जाऊ नये म्हणून छपाईआधी प्रत्येक पान पाहणारे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी बाईंचा लेख चार वेळा परत पाठवला. चौथ्यांदा बाई माझ्यासमोर येऊन बसल्या.

"डॉक्टर, ते लेख वाचतात," म्हणाल्या. "पाककृती वाचत नाहीत."

पुढच्या बुधवारी शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या पवित्र दिवसाच्या, वेणीदार पावाची कृती आली. पीठ मळा, झाका, फुगायला दीड तास ठेवा. तेवढ्यात अंगावर कोट चढवून हेल्थ सेंटरच्या कार पार्कातल्या तपासणीच्या गाडीत जाऊन या. पत्र सोबत न्या. आत सगळ्या बायकाच असतात. गुरुवारी गाडीबाहेर रांग लागली. कोणाच्या बाहीला पीठ, कोणाच्या हनुवटीला. एक आजी आतल्या बाईला सारखी घाई करत होत्या, पीठ भांड्याबाहेर येईल म्हणून. त्या गृहस्थांनी मागाहून जाब विचारला, तेव्हा बाईंनी नम्रपणे सांगितलं की कृतीतली एकही पायरी गाळली तर पाव बसतो.

त्या रांगेत बाई स्वतः मात्र नव्हत्या. त्यांच्याही नावाचं पत्र आलं होतं, पण गुरुवारी पुढच्या अंकाची जुळवाजुळव. मी दर भेटीत बजावलं, एकदा तर चक्क ओरडले. "एवढा अंक निघू दे," असं त्या म्हणत, आणि अंक निघतच राहिले. शेवटी दोन वर्षांनी दाखवायला आल्या तेव्हा आजार फार पसरला होता. मी स्वतःवर चिडले, त्यांच्यावर त्याहून जास्त. उपचारांना त्यांनी एकच अट घातली: मंगळवार नको.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. त्याच आठवड्यातला अंक घेऊन त्यांची मुलगी सर्जरीत आली आणि आईवरचं पान तिनं मला इंग्रजीत वाचून दाखवलं. रोगाचं नाव नव्हतं, दीर्घ आजार एवढंच. शेवटच्या ओळीत, तपासणीची गाडी कोणत्या गुरुवारी कुठे उभी राहणार ते होतं.

"आईनंच लिहून ठेवलं होतं," मुलगी म्हणाली. "म्हणायची, मेलेल्या बाईवरचं पान सगळ्याजणी शेवटपर्यंत वाचतात."

त्या गुरुवारी रांग कार पार्कातून पार रस्त्यापर्यंत गेली होती. मी खूप वेळ बघत उभी राहिले. मला त्या रांगेत एकच बाई हवी होती, आणि तीही तीन वर्षांपूर्वी.