डावीकडचा पडदा

कारखान्यात माझं काम खोट काढण्याचं. नाशिकच्या अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. तयार झालेला भाग माझ्या टेबलावर येतो, मी तो मापतो, उजेडात फिरवून बघतो, आणि पटला नाही तर लाल खूण करून बाजूला टाकतो. ही सवय सुटीच्या वेळी गेटवर जमा करून येता येत नाही. त्यामुळे दूधवाल्यापासून मिक्सरपर्यंत सगळ्यांशी माझं बिनसलेलं असतं. बायको म्हणते, तुम्हाला देव जरी भेटला तरी आधी उलटा करून बघाल.

अशा माणसाला पन्नाशीकडे झुकल्यावर ट्रक चालवायचा नाद लागला. खरा नव्हे, कम्प्युटरवरचा. टेबलाला स्टिअरिंग अडकवलेलं, पायाशी ब्रेक, समोर तीन मॉनिटर. मधला म्हणजे ट्रकची पुढची काच, डावा-उजवा म्हणजे बाजूच्या खिडक्या. माल भरायचा आणि परदेशातल्या रुंद रस्त्यांवरून निवांत निघायचं. आमच्या द्वारका चौकातली कोंडी नाही, उलट्या बाजूने घुसणारी रिक्षा नाही. मेव्हणे मंडळी हसायची, हसोत बापडी. रविवारची दुपार माझी होती, आणि त्या दुपारी मी कुणाच्या चुका शोधत नव्हतो.

मग डाव्या पडद्याने त्रास द्यायला सुरुवात केली. चौक मोकळा दिसायचा, मी ट्रक पुढे घालायचो, आणि डावीकडून एखादी गाडी धाडकन येऊन आदळायची. लांबून येताना ती दिसायचीच नाही. एकदम हजर. थोड्या दिवसांनी उजवीकडेही तेच. मी इंटरनेटवर शोधाशोध केली. चित्र तयार करून पडद्यावर पाठवणारं जे ग्राफिक्स कार्ड असतं, त्याच्यावर तीन पडद्यांचा भार पडला की त्याला दम लागतो, मधली चित्रं गाळली जातात आणि खेळ अडखळतो, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. झालं. खोट सापडली. तरी पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं येताहेत त्याचा आकडा दिसत असतो, आणि तो जागचा हलत नव्हता. मापायचं गेज खोटं बोलत नाही, असं मी कारखान्यात नव्या मुलांना बजावत असतो. पण घरी मी त्या आकड्यालाच खोटं ठरवलं.

नवं कार्ड निवडण्यात माझे कित्येक रविवार गेले. एक होतं त्याला मेमरी भरपूर, पण ते इतकं लांब की माझ्या कम्प्युटरच्या डब्यात मावेना. दुसरं मावत होतं, पण वीज जास्त खात होतं, म्हणजे वीज पुरवणारा भागही बदलायला हवा. मी व्हिडिओ बघत होतो, अनोळखी पोरांशी वाद घालत होतो, टेपने डबा मोजत होतो. बायको एकदा चहा ठेवताना म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा याच्या निम्मीसुद्धा चौकशी केली नव्हती."

"तेव्हा परत करायची सोय नव्हती," मी म्हणालो. ती हसली. आम्ही तेव्हा असे बोलत होतो.

महात्मा गांधी रोडवर एक दुकान आहे, त्याचा मालक मूळ मालेगावचा. माणूस गोड बोलणारा आणि चिवट. त्याने मला एक कार्ड दिलं, ते मी आठवड्यात परत केलं. त्याने दुसरं दिलं, तेही परत. डावीकडच्या गाड्या तशाच अचानक उगवत होत्या. तिसऱ्या वेळी त्याने हात जोडले. "साहेब, आता असं करू. दुकानात सगळ्यात भारी कार्ड लावतो, तीन मॉनिटर जोडतो. तुम्ही इथेच बसून चालवा. मख्खन चाललं तर घ्या, नाहीतर माझा पिच्छा सोडा."

त्या दिवशी बायकोही बरोबर आली. तिला मेन रोडवर खरेदी होती, आणि एवढं महागाचं कार्ड म्हणजे असतं तरी काय, तेही बघायचं होतं. ती माझ्या मागे स्टुलावर पिशव्या मांडीवर घेऊन बसली. मी ट्रक सुरू केला. मधल्या पडद्यावरचा रस्ता अगदी सुरेख चालला होता. एक चौक आला.

"अहो, पांढरी गाडी!" ती ओरडली.

"कुठे?" म्हणेपर्यंत गाडी आदळली. मी विजयाने दुकानदाराकडे वळलो. "बघितलंत? अचानक आली. याही कार्डात खोट आहे."

बायको म्हणाली, "अचानक कुठे? मघापासून येत होती. मला वाटलं तुम्ही थांबणार आहात."

"तुला यातलं काय कळतं?"

"यातलं नाही कळत. पण गाडी दिसते."

मी चिडून पुन्हा खेळ सुरू केला. पुन्हा चौक, पुन्हा मोकळा रस्ता, पुन्हा धाड. या वेळी दुकानदार हळूच म्हणाला, "साहेब, ट्रक होता निळा. मी पण बघत होतो." मला वाटलं दोघं मिळून माझी फिरकी घेताहेत. बायकोलाही तो प्रकार गमतीचाच वाटत असावा. ती उठून माझ्या डाव्या खांद्यापाशी आली आणि म्हणाली, "समोर बघा बरं. मान वळवायची नाही. सांगा, किती बोटं?"

"आधी हात तर वर कर," मी म्हणालो.

ती हसली नाही. मी मान वळवली. माझ्या कानापासून वीतभर पुढे, डोळ्यांसमोर म्हणावीत इतक्या जवळ, तिची चार बोटं होती.

दुकानदाराने कुणी न सांगता पंखा बंद केला आणि पुन्हा लावला. आम्ही कार्ड न घेता बाहेर पडलो. स्कूटरची किल्ली माझ्या खिशात होती. ती म्हणाली, "रिक्षाने जाऊ." मी वाद घातला नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी वाद न घालण्याची ती पहिलीच वेळ असेल.

डोळ्यांच्या दवाखान्यात एका पांढऱ्या अर्ध्या गोलासमोर हनुवटी टेकवून बसवतात. समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि आजूबाजूला कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मनात म्हटलं, हे तर माझंच काम. सुरुवातीला मी फटाफट बटणं दाबली. मग दिवे लागेनासे झाले. मी बराच वेळ वाट बघितली. शेवटी तपासणाऱ्या मुलीला म्हणालो, "मॅडम, तुमचं मशीन बंद पडलंय."

"चालू आहे, काका," ती म्हणाली. "तुम्ही समोर बघत राहा."

इतक्या साध्या आवाजात ती बोलली. रोज कुणीतरी तिला हेच सांगत असणार. मी बटण हातात धरून बसलो आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. माझ्याभोवती दिवे लागत होते, विझत होते, आणि मला त्यांचा पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी कागद पुढे ठेवला. दोन गोल, दोन्हींच्या कडा काळ्या, डावीकडचा भाग जास्तच. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून नस सुकत जाते. मी विचारलं, चष्म्याने सुधारेल का? नाही. ऑपरेशनने? "गेलेली नजर परत येत नाही. राहिली आहे ती टिकवायची. थेंब आयुष्यभर, आणि गाडी चालवणं बंद." मी म्हणालो, पण मला कुठे काळं दिसत नाही, सगळं तर दिसतंय. ते म्हणाले, "सगळ्यांना असंच वाटतं. म्हणूनच उशिरा येतात."

ही गोष्ट माझ्या अजून पचनी पडलेली नाही. तिथे काळोख असता तर मी मान्य केलं असतं. पडदा ओढल्यासारखं काही दिसलं असतं तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. पण माझं जग भरलेलंच आहे. डॉक्टर म्हणाले, मेंदू आजूबाजूचं बघून रिकामी जागा स्वतःच भरून काढतो, रस्त्याच्या जागी आणखी थोडा रस्ता मांडतो. बाजारात लोक अंगावर येतात म्हणून मी वर्षभर लोकांना शिव्या घातल्या. नाशकात तसा संशय यायचं कारणही नाही, इथे कोण सरळ चालतं? दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा तेव्हा चौकटीला नावं ठेवली. एवढा मी खोट काढणारा माणूस, आणि माझ्याच डोळ्यांनी मला इतकं बेमालूम फसवलं.

कारखान्यात अजून सांगितलेलं नाही. मधलं दिसतं, आणि माझं काम मधल्यानेच होतं. पण आता प्रत्येक भाग हातात घेतला की घाम फुटतो. पूर्वी दोनदा फिरवून बघायचो, आता फिरवतच राहतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणतो, काय झालंय तुम्हाला, शंका फार वाढल्यात तुमच्या. मी त्याला काय सांगू? जे दिसत नाही ते दिसत नाही हेही दिसत नाही, असं वाक्य चहाच्या सुटीत बोलता येत नाही. घरी बायको थेंब घालते, मी डोळे मिटून पडतो, आणि मधलंही कधी जाईल का हे आम्ही दोघंही विचारत नाही. आशा ठेवा, असं नातेवाइकांत भेटेल तो सांगतो. मला जमत नाही.

दुकानदाराचा फोन आला होता. "साहेब, ते कार्ड बाजूला ठेवलंय. ठेवू की दुसऱ्याला देऊ?" मी म्हणालो, देऊन टाका. तो घुटमळला, तब्येत कशी आहे म्हणाला, आणि उत्तर यायच्या आत बरं बरं म्हणून त्याने फोन ठेवला.

मी खेळ कायमचा बंद करणार होतो. मागच्या रविवारी दुपारी मात्र बायकोने स्वतःच कम्प्युटर सुरू केला, मेथीची जुडी घेऊन ती माझ्या डावीकडे येऊन बसली आणि म्हणाली, "चालवा. मी बघते." कार्ड जुनंच, त्यात कधीच काही बिघाड नव्हता. मी ट्रक काढला. प्रवास निर्धोक चालला होता. मेथी निवडता निवडता ती मध्येच मान वर करायची. मग चौक आला.

"थांबा," ती म्हणाली.

मला रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा दिसत होता. कुठेही, काहीही नव्हतं. मी ब्रेक दाबला, आणि ती "चला" म्हणेपर्यंत त्या रिकाम्या चौकात थांबून राहिलो.