दाबा आणि धरून ठेवा

गाडी चालवणारे मी पुष्कळ पाहिले, पण गाडीची माफी मागत चालवणारा माणूस एकच पाहिला: आमच्या दूध संस्थेचे ड्रायव्हरचाचा. खड्डा आला की "माफ कर माय." चढ लागला की "जरा तकलीफ देतो, माय." त्या माणसाची माफी मागायला मला मात्र केस पांढरे व्हावे लागले. चूक माझी होती. ती सांगायलाच बसलो आहे, पण आधी चाचा सांगायला हवेत. नाहीतर मी काय मोडलं ते कळायचं नाही.

लोहाऱ्याजवळच्या त्या संस्थेत मी नुकताच सेक्रेटरी झालो होतो. संस्थेची एक जुनी पिकअप होती. तिचं दार कुणी आपटलं की चाचा थंडपणे विचारत, "सासुरवाडीचं दार हाय का? भांडून निघाल्यागत आपटताय!" ते अनवाणी गाडी चालवत. पेडलचं दुखणं तळव्याला कळतं, चपलेला काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. एकदा चेअरमन शेजारी बसले, तर त्यांनाही वहाणा काढायला लावल्या. "घरात येताना काढता की न्हाय?" चेअरमन उमरग्यापर्यंत पाय आखडून बसले होते. चाचांचा दुसरा हट्ट जोडीचा. डावा दिवा गेला तरी उजवाही बदलायचा. कुणी हरकत घेतली की म्हणायचे, "एकाच डोळ्यात काजळ घालतंय का कुणी?" चेअरमन मग कपाळाला हात लावत.

मग दुष्काळ आला. जनावरं बाजारात गेली, दूध आटलं, आणि दुधाच्या कॅनमधून आमची पिकअप वस्त्यांवर प्यायचं पाणी नेऊ लागली. त्यातच पुढच्या उजव्या चाकात ब्रेकचं ऑइल गळायला लागलं. चेअरमन म्हणाले, "एवढं एकच चाक करून घ्या." चाचांनी पुन्हा काजळाचा दाखला दिला. सोलापूरहून दोन्ही चाकांचे ब्रेक-सिलिंडर, ब्रेक-शू आणि ऑइलच्या नळ्या येईपर्यंत त्यांनी गाडी जागची हलवली नाही. सामान आल्यावर आवारातल्या लिंबाखाली पुढची दोन्ही चाकं उतरवून त्यांनी सगळं स्वतः बसवलं. फाटकाशी वस्तीवरच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या.

शेवटी नळ्यांतली हवा काढायची राहिली. त्याला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी असलेलं निपल सैल करून हवा जाऊ द्यायची आणि पुन्हा आवळायचं. निपल उघडं असताना पाय सुटला, तर बाहेरची हवा परत आत जाते आणि ब्रेक नीट लागत नाही. चाचांनी मला चपला काढायला लावून आत बसवलं आणि स्वतः चाकाशी आडवे झाले.

"दाबा, सेक्रेटरीसाब. आन् धरून ठेवा."

मी धरून ठेवलं. इतक्यात फाटकातून चेअरमन आत आले. चेअरमन आले की उठून उभं राहायचं, हे आमच्या संस्थेत अंगात भिनलेलं. बसल्या जागी मी अर्धा उठलो, नमस्कार केला, आणि पाय सुटला. लगेच पुन्हा दाबला. खालून आवाज आला, "धरलंय न्हवं?"

"धरलंय."

चाचांनी निपल आवळलं, आत बसून पेडल दाबून पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी आली. "जरा नरम लागतंय. पाय सुटला न्हवता न्हवं?"

चेअरमन शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "नाही."

"मग नवे शू हायेत. बसतील," म्हणत त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

पाण्यानं भरलेली गाडी उतारावर असताना पेडल तळाला गेलं, पण ब्रेक लागला नाही. पुढं रस्त्यावरच दुष्काळी कामाच्या बायका खडी फोडत बसलेल्या. चाचांनी गाडी खडीच्या ढिगात घातली. बायका वाचल्या, चाचांचं मनगट मोडलं, सगळं पाणी मातीत गेलं. बायकांनी सांगितलं, म्हातारा बाहेर आला, मोडका हात छातीशी धरून भिजलेल्या मातीकडं बघत राहिला, आणि मग गाडीलाच म्हणाला, "माफ कर माय."

बैठकीत चेअरमनांनी विचारलं, "निपल ढिलं राहिलं काय, चाचा?"

"राहिलं असंल, साब. हात माझाच व्हता."

मी तिथंच, टेबलाच्या या बाजूला बसलो होतो. त्यांचं उत्तर मी इतिवृत्तात लिहून घेतलं. चाचांनी स्वतःच किल्ली काढून ठेवली आणि उमरग्याला लेकीकडं निघून गेले.

पुढं कळलं, की तिथं सायकलचा ब्रेक आवळून द्या म्हटलं तरी ते नको म्हणतात. "माझ्या हाताचा भरवसा न्हाय." तरी मी कित्येक वर्षं गेलो नाही, हेही लिहायलाच हवं.

गेलो तेव्हा ते दारात बसले होते, अनवाणी. मी चपला काढून त्यांच्यापुढं जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं: चेअरमन, नमस्कार, सुटलेला पाय, खोटं. त्यांनी माझ्याकडं नाही, स्वतःच्या वाकड्या मनगटाकडं पाहिलं.

"मंजी... निपल म्या आवळलं व्हतं?"

"आवळलं होतं, चाचा. घट्ट आवळलं होतं. पाय माझा सुटला. मला माफ करा."