आमचा वर्ग खाली आहे

हे खरं तर मी कुणाला सांगायचं नाही असं ठरलं आहे. आईने जेवताना बजावलं, "मुग्धा, वर्गातलं वर्गात राहू दे. खुराना अंकलच्या कानावर गेलं तर पुन्हा मीटिंग." मी मान हलवली. मी बहुतेक वेळा मानच हलवते. मग लोक समजतात की मी 'हो' म्हटलं.

पण आमच्या वर्गातले किस्से दाराबाहेरच्या चपलांसारखे आहेत. रोज थोडे वाढतात आणि कुणी उचलून ठेवत नाही. शिवाय मी मराठीत लिहितेय. खुराना अंकल पक्के दिल्लीवाले. त्यांना अक्षरं वाचता येतील, पण अर्थ लागेल तो हिंदीत. तसा अर्थ लावला की काय होतं, तेच तर सांगायचं आहे.

वर्ग म्हणजे आर. के. पुरममध्ये आमच्या सेक्टरची संध्याकाळची शाळा. शाळा सुटल्यावर ज्यांच्या घरी कुणी नसतं, त्या मुलांसाठी क्वार्टर्समधल्या आयांनी मिळून ती काढली. त्यात माझी आई आहे, जी केंद्र सरकारच्या ऑफिसात काम करते आणि घरी भाजी काय करायची हेसुद्धा 'पेंडिंग' ठेवते. वरच्या मजल्यावरच्या वल्ली आंटी आहेत, त्या तमिळ. शिकवायला मुनिरकाहून विलासदादा आणि शबानाताई येतात. दोघंही यूपीएससीच्या तयारीसाठी महाराष्ट्रातून आलेत. दादा परभणीकडचा, ताई जळगावकडची. मी नववीत आहे. माझा आवाज लहान, म्हणून मला लहान मुलं दिली आहेत.

खोली कम्युनिटी हॉलच्या तळमजल्यावरची. हॉल असोसिएशनचा. आणि असोसिएशन म्हणजे सेक्रेटरी खुराना अंकल.

*

सुरुवातीला खुराना अंकल आमच्यावर फार खूश होते. त्यांनी स्वतः रंगवून घेतलेला बोर्ड दारावर लावला: 'सायं शिक्षा केंद्र'.

विलासदादा दिल्लीत नवाच होता. तो बोर्डासमोर बराच वेळ उभा राहिला.

"संध्याकाळची शिक्षा? कसली?"

"हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण," मी म्हटलं.

"अच्छा. मला वाटलं, दिल्लीची पद्धत असेल."

आम्ही हसलो. पण पुढच्याच आठवड्यात साताऱ्याहून बदली होऊन आलेल्या एक काकू दारापर्यंत आल्या, बोर्ड वाचला आणि मुलाचा हात घट्ट धरून आईला म्हणाल्या, "आमचा मंदार हट्टी आहे, नाही म्हणत नाही. पण अजून घरच्या घरी निभावतंय."

उद्घाटनाला खुराना अंकलनी भाषण केलं. शेवटी ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "मैं वचन देता हूँ, इन बच्चों के लिए हम सब मिलकर पूरी चेष्टा करेंगे."

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे तोवर विलासदादाला कुणी सांगितलं नव्हतं. तो माझ्या कानाशी म्हणाला, "माणूस प्रामाणिक आहे."

*

मुलांना रोज काहीतरी खायला द्यायचं, आणि ते एकेका घराने आणायचं, असं ठरलं. आईने ग्रुपवर लिहिलं, "कल बच्चों का खाऊ कौन?"

मग खुराना अंकलचा मेसेज आला: "मैडम, बच्चे बढ़ती उम्र के हैं. इन्हें खाऊ कहना ठीक नहीं."

आईने समजावून सांगितलं, हा खाऊ म्हणजे मुलांचं खाणं, हिंदीतला खादाड नव्हे. अंकलनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी वल्ली आंटी इडल्यांचा डबा घेऊन आल्या आणि दारातूनच, शिकलेला नवा शब्द वापरून, मोठ्याने म्हणाल्या, "कम, कम, ऑल खाऊ कम!"

सगळे आले. कुणालाच वाईट वाटलं नाही.

*

आता पिंकी. पिंकी दुसरीत आहे, हरियाणाची. तिची मम्मी आमच्या ब्लॉकमध्ये घरोघरी स्वयंपाक करते. वर्ग सुरू व्हायच्या आधी पिंकी रोज संध्याकाळी ज्या घरी मम्मी असेल त्या घराच्या जिन्यात बसायची. जिना बदलला की तिची जागा बदलायची. थंडीतसुद्धा. मम्मीची शेवटची पोळी होईपर्यंत ती जिन्यातच.

आम्ही मुलांना सांगितलं होतं, शबानाताईला नुसतं 'ताई' म्हणायचं. पिंकीने पहिल्या दिवशी शबानाताईला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "ताई, आपके बाल अभी तक काले कैसे हैं?"

ताईला कळेना. मग पिंकीने विचारलं, "और ताऊ कहाँ हैं?"

तेव्हा उलगडा झाला. पिंकीच्या भाषेत ताई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. शबानाताई बावीस वर्षांची आहे. तिने पुस्तकात तोंड लपवलं.

तेवढ्यात विलासदादा आत आला. मुलं ओरडली, "ताऊ आ गए!"

दादा लाल झाला. घाईघाईने म्हणाला, "नहीं नहीं! मैं ताऊ नहीं हूँ. मैं दादा हूँ."

पिंकीच्या भाषेत दादा म्हणजे वडिलांचे वडील. तिने मनात हिशेब केला. तिचा चेहरा एकदम गंभीर झाला. उठून तिने शबानाताईची ओढणी धरली आणि डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढली.

"घूंघट करो, ताई. ससुर जी आए हैं."

दादा दारातच थांबला. मग चपला न काढता म्हणाला, "दिल्लीची पद्धत असेल," आणि बाहेर निघून गेला.

*

यापुढचं खरं तर सांगायचं नाहीये.

थंडीत आमचा वर्ग कधी कधी वरच्या खोलीत जायचा. तिथे लग्नाच्या गाद्या रचून ठेवलेल्या असतात. गाद्या पाहिल्या की मुलं उड्या मारतात आणि त्या दिवशी अभ्यास होत नाही. म्हणून आम्ही शक्यतो खालच्याच खोलीत बसतो. त्या दिवशीही खालीच होतो. पोरांचा गोंधळ चालला होता. विलासदादाचा फोन वाजला. मी शेजारी होते, आणि खुराना अंकलचा आवाज फोनबाहेरही ऐकू येतो.

"विलास जी, आपका कमरा खाली है?"

"जी अंकल, खाली है."

"पक्का?"

"एकदम खाली. ऊपर कौन जाएगा?"

"तो कल हम लोग आ जाएँ?"

"ज़रूर आइए. सबको ले आइए."

दादाला वाटलं, अंकल पाहुण्यांना घेऊन वर्ग बघायला येणार. त्याने मुलांकडून फरशी पुसून घेतली, स्वागताचं गाणं बसवलं.

दुसऱ्या दिवशी खुराना अंकल आले. मागे मफलर गुंडाळलेले पंधरा-वीस अंकल. ते असोसिएशनचं हास्य मंडळ होतं. एरवी ऑफिसातून आल्यावर ते पार्कात उभे राहून जोरजोरात हसतात. पण हवा इतकी खराब झाली होती की हसायला तोंड उघडलं की खोकला यायचा. म्हणून त्यांना बंद जागा हवी होती. वरची खोली चालली नसती, कारण मंडळात जिना चढणारे गुडघे नव्हते.

मुलांनी स्वागताचं गाणं म्हटलं. अंकल लोकांना फार आवडलं. मग खुराना अंकल म्हणाले, "बहुत अच्छा. अब बच्चों को घर भेज दीजिए."

दादाने सांगायचा प्रयत्न केला. अंकल म्हणाले, "मैंने पूछा, कमरा खाली है? आपने कहा, एकदम खाली. मैंने पूछा, पक्का? और आप ही ने तो बुलाया."

शबानाताईने दादाला कोपऱ्यात घेतलं. "अरे, खाली म्हणजे रिकामं."

"मला माहीत आहे गं," दादा म्हणाला. "पण फोन उचलला तेव्हा डोकं मराठीतच होतं."

खोली कुणाची, हे रविवारच्या मीटिंगमध्ये ठरवायचं झालं. तोपर्यंत खोलीत वर्ग आणि बाहेर व्हरांड्यात हास्य मंडळ. घरी येताना पिंकीने मला विचारलं, "दीदी, रविवार के बाद मैं कौन-सी सीढ़ी पर बैठूँ?" मी तेव्हाही मान हलवली. पण ती कशी हलवली ते मला आठवत नाही.

*

आमच्या खोलीचं दार लागत नाही. खालून फुगलंय, फरशीला घासून अर्ध्यावर अडकतं. त्यामुळे त्या आठवड्यात बाहेरचं सगळं हसणं आत यायचं. शबानाताई 'बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात' असं सांगायची आणि बाहेरून हा हा हा. सातचा पाढा चुकला की हो हो हो. एक मुलगा रडायलाच लागला, त्याला वाटलं त्याचं प्रगतिपुस्तक बाहेर वाचतायत.

शुक्रवारी पिंकी उभी राहून निबंध वाचत होती, 'मेरी मम्मी'. दारापाशीच उभी होती.

"मेरी मम्मी बहुत घरों में रोटी बनाती है. सबसे आख़िर में हमारे घर बनाती है."

"हा हा हा हा हा!"

पिंकीने वही खाली केली. अर्ध्या दारातून बाहेर गेली आणि खुराना अंकलच्या समोर जाऊन उभी राहिली. "इसमें हँसने की क्या बात है?"

हसणं एकेक करत थांबलं. अंकलचे दोन्ही हात अजून वर होते. "अरे नहीं बेटा, तुम पर नहीं. हम तो ऐसे ही हँसते हैं."

"बिना बात?"

"बिना बात."

"सब के सब?"

"सब के सब."

पिंकीने थोडा विचार केला. "किसी डॉक्टर को दिखाया?"

"डॉक्टर ने ही कहा है, बेटा," अंकल म्हणाले.

मग त्यांनी हात खाली घेतले आणि विचारलं, "रोटी के बाद क्या लिखा है?" पिंकीने सगळा निबंध पहिल्यापासून वाचून दाखवला. जिन्याचंही त्यात होतं. त्या दिवशी मंडळ लवकर घरी गेलं.

*

रविवारची मीटिंग आमच्याच खोलीत झाली. शबानाताईने विलासदादाला बजावलं होतं, "आज 'खाली' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. फक्त 'जी' म्हणायचं." आई साडी नेसून, सगळे मुद्दे पाठ करून आली होती. वल्ली आंटींनी केसरी, म्हणजे त्यांच्याकडचा शिरा, केली होती. मी भिंतीला टेकून उभी होते. आधी हजेरीचा कागद फिरला, सगळ्यांनी सह्या केल्या. दादाच्या हातात पेन तसंच राहिलं.

आईने मुद्दे सुरू करायच्या आधीच खुराना अंकल उठले.

"देखिए, मेरा फ़ैसला हो चुका है," ते म्हणाले. आईचा चेहरा उतरला. "कमरा बच्चों का. मुनिरका की तरफ़ के बच्चे भी आना चाहें, तो वो भी आएँ. हम बाहर हँस लेंगे. लेकिन विलास जी, एक शर्त है."

दादा उभा राहिला. "जी."

"हमारी आवाज़ अंदर नहीं आनी चाहिए. आप ये दरवाज़ा सही कर दीजिए."

"जी."

दादा सगळ्यांमधून वाट काढत दारापाशी गेला. दाराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग वळून अदबीने विचारलं, "किधर, अंकल?"

"नीचे. नीचे से ख़राब है ना."

दादा गुडघ्यांवर बसला. पेनचं टोपण काढलं. आणि दाराच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, सावकाश, पूर्ण नावाची सही केली. खाली तारीख घातली.

शबानाताईने आपणहून ओढणी नाकापर्यंत ओढली.

खुराना अंकल चालत दारापर्यंत आले. वाकले. चष्मा लावला. वाचलं. मग एक हात गुडघ्यावर टेकून त्यांनी दुसरा हात दादासमोर धरला.

"पेन दीजिए."

दादाच्या सहीशेजारी त्यांनी आपली सही केली, कंसात 'सेक्रेटरी' लिहिलं, आणि मग उठताना जे हसू सुटलं, ते त्यांना आवरेना. मंडळातले सगळे हसायला लागले. त्यांना तसं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. एकाला तर पाणी द्यावं लागलं.

परतताना आईने दादाला विचारलं, "अरे, दारावर कशी काय केलीस?"

"मला वाटलं काकू, दिल्लीची..."

"कळलं," आई म्हणाली.

काल सुतार आला. दाराखाली बोट घालून म्हणाला, "नीचे से इतना छीलना पड़ेगा. ये जो लिखा है, ये निकल जाएगा."

खुराना अंकल दारासमोर आडवे आले. "हाथ मत लगाना. ये अलॉटमेंट है."

म्हणजे दार अजूनही लागत नाही, आणि हसणं अजूनही आत येतं. पण आता ते मधे मधे थांबतं, बहुतेक निबंध चालू असताना.

आणि आज दुपारी त्या दोन सह्यांच्या खाली तिसरी सापडली. अगदी बारीक अक्षरातली, जमिनीवर झोपलं तरच दिसेल अशी. आईने विचारलं, "मुग्धा, तुला काही माहीत आहे का?" मी मान हलवली. खरं सांगायचं तर ती

थांबा, आई हाक मारतेय. खाली ये म्हणतेय. बाल्कनीतून खुराना अंकलही दिसतायत, चष्मा लावलेला, आणि ते तिला विचारतायत की दारावर लिहिलेलं मुग्धा हे नाव हिंदीत