राईत राहिलेला चेंडू

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेल्ह्याच्या बैलबाजारात पत्रकं वाटत होते. टेंपोतून उतरवलेली जनावरं हंबरत होती, त्यामुळे मामेभाऊ काय म्हणतोय ते पुन्हा विचारावं लागलं. "अगं, पप्पा गेले. सकाळी उठलेच नाहीत." रडू नंतर आलं. आधी आली ती भीती... आता घाटघरच्या पठाराचं काय? मामा गेल्याबरोबर ही पोरगी जमिनीचा विचार करते, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. काही आठवडे उलटले, ती भीती तिथंच आहे.

बबनमामा पिंपळवंडीचे. कांदा-ऊस करणाऱ्या घरातला हा माणूस पुण्याला पंपांच्या कंपनीत लागला आणि तिथल्या साहेबानं एका रविवारी, जोडीला कुणी नाही म्हणून, त्यांना गोल्फला नेलं. वेड लागलं ते लागलंच. नव्वदच्या दशकात कंपनी जिथं पंप विकायला पाठवील तिथलं मैदान ते आधी शोधायचे, गिऱ्हाईक नंतर. उटीचं धुक्यातलं, कोलकात्याचं जुन्या झाडांचं, आणि सगळ्यांत लाडकं शिलाँगचं. "तिथं पाइनच्या झाडांतनं फटक्याचा आवाज परत येतो गं," असं सांगता सांगता ते थांबायचे, जणू तो आवाज आत्ता येणार आहे... एकदा कंपनीनं स्कॉटलंडला पाठवलं. आल्यावर आम्ही सगळे कौतुकानं गोळा झालो, तर म्हणाले, "वारा आपल्या नाणेघाटासारखाच. मेंढ्या तेवढ्या जास्त."

प्रत्येक प्रवासातून एक यंत्र घरात यायचं. फटके मोजायचं, पट्ट्याला अडकवायचं चिमुकलं. झाडावर रोखली की अंतर सांगणारी लेसरची दुर्बीण. चेंडू आत गेला की खटकन परत फेकणारी डबी, जिला मामी 'ओकारीची डबी' म्हणायची. आणि अँटेनासारखी लांब होणारी, टोकाला वाटी असलेली काठी. पाण्यात पडलेला चेंडू काठावर उभं राहून तिनं काढायचा. "एवढी लांब होतेय तर नारळ तरी काढा की तिनं," मामी दर वेळी म्हणायची.

मला या खेळाची चीड होती. आजही आहे. माळावरच्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात आणि कुठं तरी गवताला पाइपनं पाणी पाजतात, हे मला खेळ म्हणून पचत नाही. तसं पत्रक मी काढलं आणि मुद्दाम मामांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "पुढारीणबाई, पाण्याचं चुकलंय."

"चुकलंय म्हणजे?"

"कमी लिहिलंयस. याहून जास्त लागतं."

असा माणूस. त्याच्याशी भांडायचं कसं?

मग पुण्याहून एक कंपनी नाणेघाटाजवळ घाटघरला आली. पठारावर गोल्फचं मैदान, भोवती बंगले. वरच्या वस्त्यांत भात आणि नाचणी करणारी माणसं, पोरांना नोकऱ्या लागतील या आशेनं निम्मी होकाराकडं झुकलेली. शेवटी गावानं बैठकीत ठरवलं, बबनराव हा खेळ जाणतात आणि आपल्याच तालुक्यातले आहेत, ते बघून सांगतील तसं करू. हे कळलं तेव्हाच पठार गेलं असं मी धरलं. कारण मला माहीत होतं, स्वतःच्या तालुक्यात एक मैदान असावं हे मामांचं आयुष्यभराचं स्वप्न होतं. त्यांच्या एका 'हो'वर सगळं पठार जाणार होतं.

पावसाळा सरला होता. पठार हिरवंगार, कडेला देवीची राई काळीशार. कंपनीचा साहेब, सगळं गाव, आणि मी. मामा दुर्बीण लावून अंतरं बघत फिरत होते आणि त्यांचा चेहरा... लग्नातल्या नवरदेवाचा असावा तसा. साहेबानं आग्रह केला, "एक मारून दाखवाच." मामांनी मारला. दुर्बिणीनं अंतर सांगितलं होतं, वाऱ्याचं सांगितलं नव्हतं. घाटातून वर येणाऱ्या वाऱ्यानं चेंडू वळवला आणि राईत टाकला. कडेपासून जरासा आत, पाचोळ्यावर, दिसेल असा.

मामांनी सवयीनं पिशवीतली काठी काढली. एकेक कांडं खटखट लांब केलं. तेवढ्यात गवत कापणारी ठमाबाई विळा तसाच हातात घेऊन पुढं आली. "थांबा पावणं. राईत पडलं त्ये देवीचं. वाळली काडी बी आमी भाईर आणत न्हाई."

साहेब हसला. "मावशी, आत कोण जातंय? काठीनं काढतायत ते."

"पाय न्हाई गेला, हात गेलाच की. आन् देवीला काय आंधळी समजता व्हय?"

गाव मामांकडं बघत होतं. ही काठी आत गेली, तर उद्या कुऱ्हाड जाईल, परवा यंत्र जाईल, हे मला कळत होतं. वाटी चेंडूच्या वर गेली होती... मग मामांनी काठी मागं घेतली. एकेक कांडं मिटलं.

"साहेब, माझा एक गेला. तुमच्या मैदानावर रोज किती जातील? गोल्फवाल्यांना मी ओळखतो. चेंडूसाठी गटारात उतरतात, राईबाहेर थांबतील व्हय?" गावाकडं वळून म्हणाले, "ही जागा देऊ नका." आणि गाडीत जाऊन बसले.

परत येताना जुन्नर लागलं. तेव्हा मामा हळूच म्हणाले, "वीतभर राहिलं होतं गं. काढलाच असता मी." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं पाहिलं.

तेव्हापासून दर वर्षी दसरा झाला की मामा जुन्नरच्या बाजारातून चुन्याची पिशवी घेऊन वर जायचे आणि राईभोवतीचे दगड रंगवायचे. गोल्फमध्ये शीव पांढरी असते म्हणे, जगात कुठंही; पलीकडं गेलेला चेंडू बाद. "ठमाबाईचं नाही ऐकणार गोल्फवाले, पांढरं बघून थांबतील." घाटघरचा पाऊस दर वर्षी तो चुना धुऊन नेतो. मामा दर वर्षी पुन्हा लावायचे. यंदा ते श्रावणात गेले, आणि भाद्रपदात पठारावर पुन्हा गाडी दिसल्याचं वरून कळलं. नवा साहेब, नवी माणसं. आता त्यांना नाही म्हणणारा खेळाडू उरलेला नाही, एवढं त्यांना बरोबर कळलेलं आहे.

गेल्या आठवड्यात पिशवी घेऊन मी गेले. दगडांवर शेवाळ. ठमाबाईनं काही न विचारता बादलीत पाणी ओतलं. आम्ही दोघी वाकून लावत सुटलो, बोटं भाजत होती. निम्मं झालं तेव्हा खालच्या वळणावर गाडीचा आवाज आला. मी घाईघाईनं मागं बघितलं. लावलेला एकही दगड पांढरा दिसत नव्हता. "अगं, लागतच नाहीये!" मी ओरडले.

"लागलाय. वला चुना दिसत न्हाई, वाळू दे," ठमाबाई म्हणाली. "तुजं मामा बी असंच घाबरलं व्हतं पयल्या वर्साला."

आवाज वर चढत होता. आम्ही दोघी दगडांच्या पुढं जाऊन उभ्या राहिलो, ऊन कमी होतं, आणि चुना वाळायचा होता.