शिशीवाले हकीम

अमरावतीच्या कापूसबाजारामागे राहणारे आमचे हकीमसाहेब माणसाचं नाव विचारण्याआधी लघवीचा रंग विचारत. कापसाची तेजी होती. गाड्या खच्चून भरल्या जात आणि रोज कुणाच्या तरी कमरेवर कापसाची गासडी पडे, नाहीतर बैलाची लाथ बसे. अशा माणसाची रोज सकाळची लघवी ते पांढऱ्या काचेच्या शिशीत भरून खिडकीत ओळीने ठेवत. एका परगावच्या माणसाने तिला सरबत समजून भाव विचारला होता.

मी गाडीवान. एकदा गासडी माझ्या बरगडीखाली आदळली आणि लघवी कुंकवासारखी लाल झाली. बायको तेल तापवून चोळायला बसली, तेवढ्यात हकीमसाहेब आले. त्यांनी तेलाची वाटी उचलून बाजूला ठेवली.

"आतला गुर्दा फुटला असंन. चोळशीन तर अजून फुटंन. पडून राऊ दे त्याले."

"आन औषध?" तिने विचारलं.

"हेच औषध."

पाचव्या दिवशी शिशी पिवळी दिसली. अकोल्याचं भाडं आलं होतं. मी गाडी जुंपली, आणि वेशीपर्यंत पोचेतो लघवी पुन्हा लाल झाली. हकीमसाहेब रागावले नाहीत. "आता पयल्या दिवसापासून," म्हणाले. मी आणखी पंधरा दिवस आढं बघत पडलो आणि बरा झालो.

त्याच हंगामात दर्यापूरकडचा एक तरणा गाडीवान भरल्या गाडीवरून पाठीवर पडला. लघवी स्वच्छ होती. हकीमसाहेबांनी शिशी उजेडात धरली आणि त्याला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. पोट फुगलं होतं, अंग पांढरंफटक पडलं होतं.

खबर कळताच त्यांनी मला गाडी काढायला लावली. पोराच्या बापासमोर उभ्यानेच म्हणाले, "शिशी साफ दिसली म्हनून सोडलं मी. नाडी नाई पाह्यली, पोट नाई चाचपलं. माहं चुकलं."

म्हाताऱ्याने ओट्यावरची घोंगडी झटकली. मग म्हणाला, "बसा. पानी घ्या."

त्यानंतर रंग कसाही असो, पाठीवर मार लागलेला प्रत्येक माणूस ते दोन दिवस आपल्या ओसरीवर निजवत आणि घटकेघटकेला नाडी बघत. त्यांचं स्वतःचं कुटुंब अंगणात झोपे.

काही वर्षांनी हकीमसाहेब वारले, तेव्हा ओसरीवर पाठीला मार लागलेले चारजण निजून होते. जनाजा त्यांच्या उशाजवळून गेला. चौघेही रडले, पण उठला एकही नाही.