मातीला निघालेले सर

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते. सत्तरीचे असतील. मांडीवरच्या पिशवीवर त्यांची बोटं सारखी फिरत होती आणि पाय आळीपाळीनं खाली दाबत होते.

"पेटी वाजवता का, सर?" मी विचारलं.

"हाव. चर्चमधला ऑर्गन. शाळेत गणित शिकवायचो, अन् रविवारी ऑर्गन." मग म्हणाले, "लातूरला मातीला चाललो. माझा विद्यार्थी वारला. तिथल्या चर्चमधी तोच वाजवायचा, म्हणून आज मला बोलावलं."

ते सांगत होते, किती जणांनी त्यांच्याकडे ऑर्गन शिकायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिलं. शेवटपर्यंत टिकला तो हा एकटाच.

"लई गोड हात होता त्याचा," ते म्हणाले. "माझ्या मातीला कोणतं गीत वाजवायचं, ते मी त्याला सांगून ठेवलं होतं. आज त्याच्यासाठी तेच वाजवावं म्हणतो. दुसरं काही सुचून नाही राहिलं."

अहमदपूरला गाडी थांबली. मी त्यांच्यासाठी चहा आणला. त्यांनी तो हातात धरला आणि तसाच थंड होऊ दिला.

लातूरला मी त्यांना रिक्षात बसवून दिलं. रिक्षा सुरू झाली तरी त्यांनी माझा हात सोडला नव्हता.

"त्याची आई अजून हाय," ते म्हणाले. "लहानपणी तिनंच त्याला माझ्याकडं आणून सोडलं होतं. आता तिच्यासमोर मी वाजवायला कसा बसू, सांगा बरं."