आईचं विरजण

उन्हाळ्यात पचमढीला जाताना आईचा जीव दागिन्यांत नसे, विरजणात असे. ते वाटीभर दही ती शेजारच्या काकूंच्या स्वाधीन करायची, रोज नव्या दुधाला लावत राहा अशा ताकिदीसह. त्या वर्षी आम्ही नागपूरला परतलो, रिक्षातून वळकट्या उतरल्या नव्हत्या, तोच आई वाटी मागायला शेजारी हजर. मी अर्थातच मागोमाग. असा खेळ फुकटात कोण सोडणार?

आईने बोटभर दही चाखलं, डोळे मिटले. "हे माहं दही नाही वं!"

काकू रडवेल्या झाल्या. "काय सांगू वहिनी, पाहुणे आले अन् पोरीनं तुमच्या दह्याची कढी करून टाकली. हे आमच्या घरचं आहे."

घर लुटलं गेल्यासारखी आई मटकन बसली. तेवढ्यात काकूंना आठवलं, "पण आमचं तरी कुठलं? दिवाळीत विरजण तुमच्याकडूनच तर नेलं होतं!"

आईने पुन्हा चाखलं. "तरीच," ती ऐटीत म्हणाली, "चव ओळखीची लागून राहिली!"

घर झाडायच्या आधी तिने दूध कोमट केलं. दुसऱ्या दिवशी ताटात दही आलं, तेव्हा कुठे मला नागपूरला पोचल्यासारखं वाटलं.